कॉलर बोन मोडलं आणि डॉक्टर म्हणाले प्लेट टाकू, तर पुढे काय काय करायचं

आधी माझं सांगतो म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल. मी गेली बरीच वर्षं इम्प्लांट पोचवायचं काम करतो, म्हणजे हाडाच्या ऑपरेशनला लागणाऱ्या प्लेटा (मोडलेल्या हाडावर बसवायच्या धातूच्या पट्ट्या), स्क्रू, ड्रिल बिट यांचा सेट जळगावहून उचलायचा आणि रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा, जिथून फोन येईल तिथं नेऊन द्यायचा, ऑपरेशन होईस्तोवर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी थांबायचं आणि किती स्क्रू लागले ते लिहून पेटी परत आणायची. डॉक्टर मी नाही, तेव्हा ऑपरेशन करायचं का नाही हे मला विचारू नका. पण पेशंटच्या घरचे बाहेर बाकावर बसून काय काय विचारतात, काय विचारायचं विसरतात आणि मग तीन महिन्यांनी कशाला पस्तावतात हे मी इतक्या वेळा बघितलंय की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

आणि दुसरं म्हणजे माझं स्वतःचं उजवं कॉलर बोन, म्हणजे गळ्यापासून खांद्यापर्यंतचं आडवं हाड, मोडलेलं आहे. दिवाळीनंतर उसाचा सीझन चालू झालेला, शहाद्याहून रिकामा परत येत होतो, सारंगखेड्याचा पूल ओलांडला आणि पुढं अंधारात उसाची ट्रॉली उभी, मागं ना लाईट ना रेडियम. ब्रेक दाबला, गाडी घसरली, पडलो तो सरळ उजव्या खांद्यावर. कट् असा आवाज मला हेल्मेटच्या आतून ऐकू आला. एक म्हातारे बाबा धावत आले, "काय व्हयनं भाऊ, दुखस का?" म्हणत माझा हात धरून उठवायला लागले आणि मी बोंबललो की हात सोडा बाबा, हात सोडा.

तर पहिलं काम तेच. पडलेल्या माणसाला त्या हाताला धरून उठवायचं नाही, कमरेला किंवा दुसऱ्या बाजूला धरून उठवा. दुखरा हात कोपरात वाकवून पोटाशी घ्यायचा आणि रुमाल, उपरणं, ओढणी जे असेल त्याची झोळी करून मानेत अडकवायची, हाताचं वजन खांद्यावरून निघालं की अर्धं दुखणं तिथंच कमी होतं. मग चार गोष्टी बघा. बोटं हलतात का, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, हात दुसऱ्या हातापेक्षा गार किंवा पांढरा पडलाय का, आणि श्वास घेताना दम लागतोय का. कॉलर बोनच्या बरोबर खाली हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि नसांचा जुडगा असतो, आणि त्याच्याही खाली फुप्फुसाचं टोक. म्हणून यातलं काहीही दिसलं किंवा हाड कातडीतून बाहेर आलेलं असलं तर घरी न जाता सरळ १०८ लावा. एरवी कॉलर बोनचं ऑपरेशन त्याच रात्री करायची गरज बहुतेक वेळा नसते, आठ-दहा दिवसांत केलं तरी चालतं. फार रेंगाळू मात्र नका, तीन आठवडे उलटले की तुटक्या टोकांभोवती कच्चं हाड धरायला लागतं आणि डॉक्टरला ते परत मोकळं करत बसावं लागतं.

आता एक नाजूक विषय. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात एक तरी हाड बसवणारा असतोच आणि माझ्या आजोबांचं मनगट पण तसल्याच एकाने बसवलेलं, त्यामुळे मी हसणार नाही. पण कॉलर बोनला चोळायला, दाबायला, ओढायला देऊ नका, खाली काय काय आहे ते वर सांगितलंच. आणि लेप तर अजिबात नको. लेपाखाली कातडीला फोड येतात आणि मग फोड वाळेस्तोवर ऑपरेशन पुढं ढकलावं लागतं, असा एक पेशंट माझ्यासमोर आठवडाभर नुसता वाट बघत पडून होता.

प्लेट लागतेच का

नाही लागत, आणि हे एक प्लेट पोचवणारा माणूस सांगतोय. लहान पोरांचं कॉलर बोन तर जवळजवळ नेहमी झोळीवरच जुळतं, वर गाठ येते आणि पोर वाढतं तशी ती गाठ पण विरघळून जाते. मोठ्या माणसात पण टोकं जागेवर असतील तर झोळी पुरते. कुणी पाठीमागून बांधायचा आठच्या आकाराचा पट्टा देतात, तो दिला तर घाला, पण साध्या झोळीपेक्षा त्याने हाड जास्त चांगलं जुळतं असं काही सिद्ध झालेलं नाही आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या ४५ डिग्रीत तो पट्टा काखेत किती काचतो हे ज्याने घातलाय त्यालाच विचारा.

प्लेटचा विषय कधी येतो? हे हाड आडवं, एस सारखं वळणदार, आणि दहातली आठ वेळा मधल्या भागातच मोडतं. मोडलं की मानेचा स्नायू आतलं टोक वर खेचतो आणि हाताच्या वजनाने बाहेरचं टोक खाली लोंबतं, म्हणून एक्स-रेत ती दोन टोकं एकावर एक चढलेली दिसतात. दीड-दोन सेंटीमीटर किंवा जास्त आखूड झालं असेल, मधे तुकडे झाले असतील, टोक आतून कातडीला टोचून कातडी पांढरी ताणलेली दिसत असेल, जखम उघडी असेल, किंवा खांद्याचं पातं पण सोबत मोडलं असेल, तेव्हा डॉक्टर प्लेट सुचवतात. कॅनडातल्या डॉक्टरांनी १३२ पेशंटवर केलेला एक अभ्यास २००७ साली आला, त्यात असं दिसलं की पूर्ण सरकलेल्या मधल्या फ्रॅक्चरमध्ये झोळीवाल्यांपैकी ४९ जणांत ७ जणांचं हाड जुळलंच नाही, प्लेटवाल्यांत ६२ मध्ये फक्त २ जणांचं. उलट्या बाजूनं बघा ना, झोळीवाल्या ४९ मधल्या ४२ जणांचं विनाऑपरेशन जुळलं पण. म्हणून सरकलेलं असलं तरी हा चर्चेचाच विषय आहे, आणि तुमचं काम काय, वय काय यावर ठरतं. केळीचे घड खांद्यावर वाहणारा माणूस आणि दुकानात गल्ल्यावर बसणारा माणूस, दोघांचा हिशोब एक नसतो.

एक्स-रे काढताना एवढं बघा की दोन काढलेत, एक सरळ आणि एक मशीनची ट्यूब खालून वर तिरपी करून. सरळ फोटोत कधीकधी सरकणं दिसतच नाही. आणि फिल्म किंवा सीडी मागून घ्या, व्हॉट्सअॅपवर खिडकीला धरून काढलेला फोटो दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला काही कामाचा नाही.

लॉकिंग प्लेट म्हणजे नेमकं काय

हे मी बाकावर बसलेल्या लोकांना पेटीतला एक स्क्रू हातात देऊन दाखवायचो. (निर्जंतुक केलेल्यातला नाही हां, माझ्या खिशात एक जुना बाद झालेला असतो.) साधा स्क्रू बघा, खाली आटे आणि वर गुळगुळीत गोल डोकं. तो हाडात घुसतो आणि डोक्यानं प्लेटला हाडावर दाबून धरतो, म्हणजे सगळी पकड त्या दाबावर. हाड कडक असेल तर झकास. पण हाड भुसभुशीत असलं, म्हाताऱ्या माणसाचं असलं, की जसं वाळवी लागलेल्या चौकटीत बिजागरीचा स्क्रू फिरत राहतो तसं होतं, स्क्रू सैल झाला की प्लेट पण सैल.

लॉकिंग स्क्रूच्या डोक्यालाच बारीक आटे असतात आणि प्लेटच्या भोकात पण तसेच आटे. स्क्रू हाडात गेला आणि शेवटचे दोन-तीन फेरे राहिले की डोकं प्लेटमध्ये पिळून बसतं, मग स्क्रू आणि प्लेट मिळून एकच वस्तू होते, कोन बदलतच नाही. एखादा स्क्रू एकटा उपटून येऊ शकत नाही, आला तर सगळे मिळून येतील. दुसरा फायदा म्हणजे प्लेटला हाडावर गच्च दाबायची गरज नाही, त्यामुळे हाडावरचं जे पातळ आवरण असतं, ज्यातून हाडाला रक्त मिळतं, ते चिरडत नाही. बऱ्याच प्लेटांत जोडभोक असतं, अर्धं गुळगुळीत आणि अर्धं आट्यांचं, म्हणजे डॉक्टरला पाहिजे तिथं साधा स्क्रू, पाहिजे तिथं लॉकिंग. क्रम पण ठरलेला आहे, आधी हाड जागेवर आणायचं, साध्या स्क्रूने ओढून घ्यायचं आणि मगच लॉक करायचं. आधीच लॉक केलं आणि मधे फट राहिली तर ती फट तशीच पक्की होते.

आता हे नीट ऐका, कारण सगळा घोळ इथंच होतो. प्लेट हाड जोडत नाही. हाड स्वतः जुळतं, प्लेट त्याला तोवर हलू देत नाही, विहिरीच्या बांधकामाला जशी परांची आणि बल्ल्या लावतात तशी. तार हातात धरून खालीवर वाकवत बसलात तर कितीही जाड तार असो शेवटी तुटतेच ना, तसंच हाड जुळायच्या आत त्या प्लेटवर रोज वजन टाकलं तर टायटॅनियमची असो की स्टीलची, ती थकून वाकते किंवा तुटते. रावेरकडचा एक मजूर, वय पंचवीस-सव्वीस, ऑपरेशन एकदम मस्त झालेलं, पाचव्या आठवड्यात दुखणं बंद झालं म्हणून गडी कटाईला गेला आणि घड खांद्यावर घेतला. परत आला तेव्हा एक्स-रेत प्लेट धनुष्यासारखी वाकलेली. दुसऱ्या ऑपरेशनला सेट घेऊन मीच गेलो होतो. मला म्हणतो, "दुखत नव्हतं ना भो." दुखणं थांबणं आणि हाड जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक दोन-तीन आठवड्यांत होते, दुसरीला मोठ्या माणसात साधारण तीन महिने लागतात.

डॉक्टरला काय विचारायचं

लाजू नका, विचारा. माझं फ्रॅक्चर कुठल्या भागात आहे, किती सरकलंय, झोळीवर ठेवलं तर काय होईल. प्लेट वरून लावणार की पुढच्या बाजूने, कारण या हाडावर मांस जवळजवळ नसतंच, वरून लावलेली प्लेट सडपातळ माणसाला बोटाला लागते आणि बॅगेचा पट्टा, ब्लाउजची पट्टी, कावड तिथंच घासते. स्टील की टायटॅनियम. दोन्ही चालतात, खरं सांगतो. फक्त प्लेट एका धातूची आणि स्क्रू दुसऱ्या धातूचे असं नको, अंगात ते गंजायला कारण होतं. खोट्या दागिन्यांनी, घड्याळाच्या पट्ट्याने अंगाला खाज सुटत असेल तर आधीच सांगा, स्टीलमध्ये निकेल असतं.

"कंपनीची प्लेट टाका", "इंपोर्टेड टाका" असा आग्रह लोक धरतात. माझं मत विचाराल तर बनवणाऱ्याकडे लायसन्स आहे का, पाकिटावर लॉट नंबर आहे का एवढं बघा, बाकी ज्या सेटवर तुमच्या डॉक्टरचा हात बसलाय तो सेट त्यांना वापरू द्या. भारी प्लेट अर्ध्या सेंटीमीटरने चुकीच्या जागी बसली तर तिच्या भारीपणाचा काय उपयोग.

आणि डावी की उजवी! कॉलर बोनची प्लेट आधीच हाडासारखी वळवलेली येते, डाव्याची वेगळी, उजव्याची वेगळी. एकदा माझ्याच हातून घोटाळा झालेला. पहाटे तीनला फोन, झोपेत पेटी उचलली, दोन तास गाडी चालवून पोचलो आणि उघडली तर सगळ्या डाव्या. पेशंटचा खांदा उजवा. नशीब की भूल द्यायच्या आधी बघितलं. डॉक्टर मला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही आणि बरोबरच बोलले. तेव्हापासून मी पेटी उचलताना बाजू मोठ्याने बोलून बघतो. तुम्ही पण ऑपरेशनच्या सकाळी दुखऱ्या बाजूवर पेनने खूण केलीय का ते बघा, नसेल तर सिस्टरला सांगा, त्यात अपमान कुणाचा होत नाही.

पैशाचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, जी २०१२ मध्ये जीवनदायी नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता, तिच्यात हाडाची बरीच ऑपरेशनं येतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, अॅडमिट व्हायच्या आधी, नंतर नाही. तुमचा दवाखाना योजनेत आहे का आणि तुमचं नेमकं ऑपरेशन बसतं का हे तोच सांगेल, हेल्पलाइन १५५३८८ आहे. मंजुरी मिळाली तर उपचार कॅशलेस असतो, "योजनेत आहे पण प्लेटचे वेगळे द्या" असं कुणी म्हणालं तर गप्प पैसे काढून देऊ नका, आरोग्यमित्रासमोर विचारा. धुळ्यात, जळगावात, नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेज आहेत, तिथं पण ही ऑपरेशनं होतात, वेळ लागतो एवढंच.

स्वतःच्या खिशातून करत असाल तर प्लेटचं आणि स्क्रूचं बिल वेगळं मागा, किती भोकाची प्लेट आणि किती स्क्रू हे त्यात असावं. एक्स-रेत स्क्रू मोजता येतात, हे लक्षात असू द्या. सीलबंद पाकिटातून इम्प्लांट आलं असेल तर त्यावर स्टिकर असतात, नंबर आणि लॉट लिहिलेले, एक दवाखान्याच्या फाईलला लागतो आणि एक तुमच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. खुल्या सेटमधून आलं असेल तर कंपनी, मटेरियल आणि नंबर हाताने लिहून सही घ्या. हे का सांगतोय ते शेवटी कळेल. गाडीचा अपघात असेल तर दवाखान्यातून पोलिसांकडे एमएलसी (अपघाताच्या पेशंटची नोंद) गेलीय का ते पण विचारून ठेवा, क्लेमच्या वेळी लोक तीच शोधत फिरतात.

ऑपरेशनच्या आधी आणि त्या दिवशी

तंबाखू, गुटखा, बिडी, सगळं बंद. हे मी नीतीचं बोलत नाहीये, निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो, ओढणाऱ्यांत न जुळण्याचं प्रमाण जास्त असतं. शुगर असेल तर तपासून घ्या, वाढलेल्या शुगरवर जखम पिकते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर भूलवाल्या डॉक्टरला स्वतः सांगा, फाईलमध्ये असेलच असं धरून चालू नका.

माझ्या वेळी पूर्ण भूल दिलेली, काही ठिकाणी मानेत इंजेक्शन देऊन तेवढा भाग बधिर करतात. चीर हाडाच्या रेषेत चार-पाच बोटं. कितीही ड्रिल करताना बघितलं असलं तरी स्वतःच्या वेळी टेबलावर पडून त्या पेटीचं झाकण उघडायचा आवाज ऐकणं वेगळंच असतं, मी तेवढ्यात पण विचारलं, "उजवीच आहे ना?" सगळे हसले. ड्रिल करताना खाली पातळ पट्टी सरकवून ठेवतात म्हणजे बिट पलीकडे रक्तवाहिनीत जात नाही, आणि दोन्ही बाजूला साधारण तीन-तीन स्क्रू घेतात. शुद्धीवर आल्यावर चिरेच्या खाली छातीवर तळहाताएवढा भाग बधिर लागला तर घाबरू नका, कातडीच्या बारीक नसा हाडावरूनच जातात, त्या ताणल्या किंवा कापल्या जातात. महिन्यांनी तो भाग आकसत जातो, माझा अजून एका रुपयाच्या नाण्याएवढा शिल्लक आहे.

पुढचे तीन महिने

पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवत राहा, तासातासाला मूठ उघडझाप. झोळीत हात ठेवून नुसतं बसलं तर कोपर आखडतं आणि खांदा जाम होतो, आणि जाम झालेला खांदा सोडवायला हाड जुळायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढं वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हळू फिरवायचा. साधारण सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, कपडे वाळत घालणं, माळ्यावरचा डबा काढणं हे सगळं त्यात आलं. तुमच्या डॉक्टरने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, त्यांनी हाड डोळ्यांनी बघितलंय.

शर्ट घालताना आधी दुखरा हात, काढताना शेवटी दुखरा हात. एवढं एक कळलं तर सकाळचा निम्मा त्रास जातो. बायकांनी पुढून उघडणारं काहीतरी घालावं. काखेत सुती कापडाची घडी ठेवा आणि दिवसातून दोनदा बदला, आपल्याकडच्या घामात नाहीतर तिथं चट्टे उठतात. झोपताना भिंतीला लोड-उशा लावून अर्धं बसल्यासारखं झोपा, आडवं झालं की टोचतं. जेवण डाव्या हाताने, मी पहिले चार दिवस बायकोने कालवून दिलेलं वरण-भात चमच्याने खाल्लं आणि पाचव्या दिवशी कळण्याची भाकरी डाव्या हाताने मोडायला गेलो तर सगळी भाजी मांडीवर. पायाचं सूप, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू येतील घराघरातून, खा खुशाल, पण दूध, डाळी, अंडी आणि सकाळचं ऊन त्यापेक्षा जास्त कामाचं.

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. एक्स-रे साधारण सहा आठवड्यांनी आणि परत तीन महिन्यांनी. वजन उचलणं, डोक्यावर हंडा, खांद्यावर घड, फवारणीचा पंप पाठीवर, हे सगळं एक्स-रे बघून डॉक्टर हो म्हणेस्तोवर नाही. बाईक पण नाही, निदान सहा आठवडे, आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत.

परत कधी पळायचं? जखमेतून पाणी किंवा पू, ताप, जखमेभोवती लाल होऊन कढत लागणं, कमी झालेलं दुखणं अचानक वाढणं, कट् आवाज होऊन खांदा खाली आल्यासारखा वाटणं, हाताला नवा बधिरपणा. यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

खांद्याचा गोळा मोडला असेल तर

हे वेगळं प्रकरण आहे, दंडाच्या हाडाचं वरचं टोक. म्हातारी माणसं सारवलेल्या ओल्या अंगणात, बाथरूममध्ये घसरून पडतात आणि हे मोडतं. याची लॉकिंग प्लेट फिलॉस नावाने ओळखली जाते, ते एका कंपनीच्या प्लेटचं नाव आहे पण बाजारात कुठल्याही कंपनीच्या तसल्या प्लेटला फिलॉसच म्हणतात, कॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं. तिच्या वरच्या भागात बरीच भोकं वेगवेगळ्या कोनात असतात, गोळ्यात स्क्रू पंख्यासारखे पसरतात म्हणून पोकळ हाडात पण पकड येते. गोळ्याच्या बाहेरच्या उंचवट्याच्या टोकापासून ती ५ ते ८ मिलीमीटर खाली बसवावी लागते, जास्त वर गेली तर हात उचलताना अडकते.

पण म्हाताऱ्या माणसात घाई करू नका. ब्रिटनमध्ये २५० पेशंटवर प्रोफर नावाचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये निकाल आला, आणि गोळा सरकलेला असताना पण ऑपरेशन केलेले आणि झोळीवर ठेवलेले यांच्यात दोन वर्षांनी खास फरक निघाला नाही. माझी यावलची मामी, वय अडुसष्ट, तिचं पण डॉक्टरने झोळीवरच ठेवलं. मी मनात म्हटलं पेटी तर माझ्याच गाडीवर होती. आज मामी खापरावरची पुरणपोळी दोन्ही हातांवर नाचवून टाकते, हात पूर्ण वर जात नाही पण वेणी घालते. तरुण माणसाचे तुकडे झाले असतील, गोळा सांध्यातून निखळून मोडला असेल तर गोष्ट वेगळी. आणि फारच चुरा असेल, हाड फारच पोकळ असेल तर डॉक्टर प्लेटऐवजी सांधाच बदलायचं बोलतात. प्लेट टाकली आणि पुढं गोळ्याचा रक्तपुरवठा गेला तर गोळा दबतो आणि स्क्रूची टोकं सांध्यात निघतात, म्हणून खांदा बरा झाल्यावर पण महिन्यांनी खरखर किंवा टोचणं सुरू झालं तर एक्स-रे काढा, वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

कॉलर बोनचं बाहेरचं टोक किंवा तिथला सांधा सुटला असेल तर कधी हूक प्लेट टाकतात, टोकाला आकड्यासारखी वळलेली. ती मात्र कायमची नसते, आकडा खांद्याच्या छताच्या हाडाला आतून घासत राहतो, म्हणून तीन-चार महिन्यांनी काढावीच लागते. हे डिस्चार्जच्या वेळी लिहून घ्या, कॅलेंडरवर खूण करा, लोक बरं वाटलं की येतच नाहीत.

प्लेट काढायची का

बाकीच्या प्लेटा काढायलाच पाहिजेत असं नाही. टोचत असेल, पट्टा घासत असेल, किंवा पिकली असेल तर काढतात, आणि टोचण्यासाठी काढायची तर हाड पूर्ण भरल्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षाने. काढल्यावर पण काही आठवडे जपा, स्क्रूची रिकामी भोकं भरायला वेळ लागतो. एमआरआय करायचा असेल तर आत प्लेट आहे आणि कुठल्या धातूची हे आधी सांगा, बहुतेक वेळा होतो. आणि हो, पावसाळ्यात शेतात प्लेटमुळे वीज अंगावर येते का असं मला निदान दहा जणांनी विचारलंय, नाही येत, पण वीज चमकताना झाडाखाली थांबू नका ते प्लेट नसली तरी.

स्टिकरचं राहिलं. टायटॅनियमचा लॉकिंग स्क्रू कधीकधी प्लेटच्या आट्यात असा जाम बसतो की दोन्ही धातू एक झाल्यासारखे होतात, आणि स्क्रूचं डोकं कुणाचं षटकोनी अडीच मिलीमीटरचं तर कुणाचं ताऱ्यासारखं टी-१५. बरोबर पाना नसेल तर डोकं सोलतं आणि मग तो स्क्रू कापून काढायची पाळी येते. चोपड्याला एकदा आठ वर्षांपूर्वीची प्लेट काढायची होती, ऑपरेशन सुरतेला झालेलं, पेशंटकडे कागद एक नाही, मी अंदाजाने तीन वेगवेगळ्या पेट्या घेऊन गेलो आणि तिसऱ्या पेटीतला पाना लागला. माझी प्लेट अजून आतच आहे, थंडीत जराशी जाणवते. तिचा स्टिकर रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलाय आणि पाकीट कुठं आहे ते बायकोला माहितीय.